तक्त्यांची लढाई : पॅरिस ते शहापूर

सभेत आकडे आले की लोक जांभया देतात, म्हणून भाषण भावनेवर न्यावे, असा समज आपल्या चळवळीत रुजला आहे. आम्हाला तो मान्य नाही. आकडा कंटाळवाणा नसतो. तो लोकांना दिसत नाही, एवढेच.

१९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांनी अटलांटा विद्यापीठातील विद्यार्थ्यांसोबत हाताने रंगवलेले सुमारे साठ तक्ते मांडले. त्यातल्या एका तक्त्यात काळा पट्टा म्हणजे गुलाम आणि वरची हिरवी किनार म्हणजे मुक्त कृष्णवर्णीय. १७९० पासून सत्तर वर्षे ती किनारच राहते. १८६० साली जेमतेम ११ टक्के. आणि १८७० ला सगळा पट्टा हिरवा! गुलामगिरी काळाच्या ओघात आपोआप संपत होती म्हणणाऱ्यांना याहून सरळ उत्तर कोणते? (आपल्याकडेही 'जात आता राहिली कुठे?' म्हणणारे आहेतच.)

याच डू बॉईस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. स्वतः बाबासाहेबही तक्ते आणि नकाशे घेऊनच वादात उतरत. १९५५ चे भाषावार राज्यांवरील पुस्तक काढून बघा. १९४८ साली भाषावार प्रांत आयोगापुढे त्यांनी ठासून सांगितले की, मुंबईच्या पाण्याचे आणि विजेचे स्रोत महाराष्ट्रात आहेत.

ते पाणी म्हणजे आपले शहापूर. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी पाजते आहे. आज शहराच्या रोजच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा. शेजारच्या मुरबाडची गावे बारवी धरणाची उंची वाढवताना बुडाली, ते पाणी कारखान्यांना आणि खालच्या शहरांना. आणि शहापूरचे पाडे मात्र दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात!

यावर निवेदने पुष्कळ झाली. आम्ही म्हणतो, तालुक्याचा नकाशा कापडावर काढा. धरणे निळी, मुंबईची जलवाहिनी जाड निळ्या रेघेने, टँकरची गावे लाल ठिपक्यांनी. ठिपक्याशेजारी लिहा : वस्ती कातकऱ्यांची, ठाकरांची, बौद्धांची की आणखी कोणाची, आणि बाईला हंडा घेऊन किती चालावे लागते. अंतर अंदाजाने नको, पावलांनी मोजा. टँकरची यादी तहसील कार्यालयातून माहितीच्या अधिकारात मागता येते. एक चुकीचा ठिपका सापडला की साहेब सगळा नकाशाच खोटा ठरवतील, म्हणून प्रत्येक ठिपका त्या पाड्यातल्या बायांकडून तपासून घ्या, आणि मगच कापड तहसीलच्या दारात टांगा.