माझगावची इस्राएली शाळा

मुंबईच्या माझगावातील सर एली कदूरी शाळा १८७५ साली 'इस्राएलाइट स्कूल' या नावाने सुरू झाली. ती काढणारे हाइम सॅम्युएल केहीमकर आणि त्यांचे सहकारी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. घाण्यावर तेल गाळणे हा या समाजाचा जुना धंदा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आडनावेही गावांवरून पडलेली. केहीमकर हे अलिबागजवळच्या किहीमचे.

मुंबईत येऊन ही मंडळी पलटणीत, कचेऱ्यांत लागली, तरी घरची भाषा मराठीच राहिली. शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा, सुंता आणि 'शेमा' ही प्रार्थना टिकून होती. हिब्रू वाचता येणारे मात्र थोडेच. ती उणीव आधी मिशनऱ्यांनी हेरली. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढले. मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुले शिकली, धर्म मात्र फारच थोड्यांनी बदलला. पुढे समाजानेच पुस्तके काढली. १८७४ साली पुण्यात छापलेल्या हग्गादामध्ये, म्हणजे वल्हांडण सणाला वाचायच्या पोथीत, हिब्रूसोबत मराठी भाषांतर आहे आणि चित्रांत सणाच्या बिनखमिराच्या पोळ्या करणाऱ्या बायका चक्क लुगडे नेसलेल्या आहेत.

पुढच्याच वर्षी शाळा निघाली. मुलांना इंग्रजी शिक्षण हवे, पण हिब्रू मिशनऱ्यांच्या हातून नको, असा तिच्यामागचा रोकडा हिशेब होता. मराठी डावीकडून आणि हिब्रू उजवीकडून, अशी दुहेरी वाचनाची सवय मुलांना लागली. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने पैशाची मदत केली आणि १८९२ मध्ये तिचे हायस्कूल झाले.

शाळेला खरा आकार दिला तो रिबेका रूबेन यांनी. १९०५ साली मॅट्रिक झालेल्या या बाई १९२२ ते १९५० मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्याच काळात एली कदूरी यांची मोठी देणगी मिळून शाळेचे नाव बदलले. कदूरी जन्माने बगदादी, व्यापाराने हाँगकाँग-शांघायचे. इराककडून येऊन मुंबईत स्थायिक झालेल्या बगदादी ज्यूंनी बेने इस्राएलांना बरोबरीचे मानायला खळखळ केली होती. त्याच बेने इस्राएलांच्या शाळेवर बगदादी नाव लागावे, हा योग गमतीचाच.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. शाळा माझगावातच राहिली. तिथली बहुतेक मुले आता मुसलमान कुटुंबांतली आहेत.