होटगीवरून गेलेल्या लहरी : सीमेवरच्या दूरशिक्षणाचा इतिहास

सोलापूरहून आग्नेयेस निघालेली गाडी पहिल्या मोठ्या थांब्यावर येते ते होटगी जंक्शन. दक्षिण सोलापूर तालुक्यातील या गावाला रेल्वेच्या नकाशावर जे महत्त्व आहे, ते त्याच्या वस्तीच्या मानाने पुष्कळ मोठे आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला आणि १८७१ मध्ये रायचूरला मद्रासच्या रेल्वेला जाऊन मिळाला. पुढे १८८०च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेने होटगीपासून विजापूर, गदगकडे मीटरगेज फाटा काढला. रुळांची रुंदी वेगळी, म्हणून होटगीला माणसे उतरत, माल उतरे आणि सारे काही दुसऱ्या डब्यात नव्याने भरले जाई. एका गाडीचा डबा दुसऱ्या रुळांवर ढकलून चालत नसे.

दूरशिक्षणाच्या इतिहासात हीच अडचण वारंवार दिसते. वर्गातला धडा उचलून रेडिओवर, पडद्यावर किंवा भ्रमणध्वनीवर जसाच्या तसा ठेवला की तो चालत नाही. तो उतरवून नव्याने भरावा लागतो. हे ज्यांना उमगले त्यांचे प्रयोग टिकले किंवा निदान लक्षात राहिले. होटगीच्या आसपासचा प्रदेश या दृष्टीने विलक्षण आहे. मराठी, कन्नड आणि उर्दू एकाच बाजारात ऐकू येणाऱ्या या पट्ट्याच्या अवतीभवती भारतातील दूरशिक्षणाचे काही अत्यंत महत्त्वाचे प्रयोग घडले. मात्र त्यांतला सर्वांत मोठा प्रयोग होटगीच्या डोक्यावरून गेला, तोही अगदी शब्दशः.

आरंभ पुण्यापासून करावा लागतो. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. तीन वर्षांच्या आत, १९५६ मध्ये, युनेस्कोच्या साहाय्याने त्या केंद्राने एक प्रयोग हाती घेतला. कल्पना कॅनडातील होती. तिथे शेतकरी ठरलेल्या वेळी एकत्र जमून रेडिओ ऐकत आणि नंतर त्यावर चर्चा करत. तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठीभाषक जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत अशी श्रोतामंडळे स्थापन झाली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम. एकूण वीस कार्यक्रम. विषय खताचे, बियाण्याचे, जनावरांच्या रोगांचे, गावच्या आरोग्याचे.

प्रयोगाचे मर्म या अर्ध्या तासानंतर सुरू होई. रेडिओ बंद झाला की मंडळ बोलायला लागे. हे आपल्याकडे जमेल का, पाणी कुठून आणायचे, पैसा कोणाकडे आहे, असे प्रश्न निघत. मंडळाचा निमंत्रक त्यांची नोंद करून पुण्याला पाठवी आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरे मिळत. गावकऱ्याला आपला प्रश्न हवेतून परत येताना ऐकू येई. आजच्या भाषेत ज्याला प्रतिसाद म्हणतात, तो टपालाच्या वेगाने का होईना, पण मिळत होता.

टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले. त्यात पॉल न्यूराथ हे समाजशास्त्रज्ञ होते, आणि आकाशवाणीचे जगदीशचंद्र माथुर यांच्यासह त्यांनी लिहिलेला अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. मूल्यमापनाची रचना पाहण्याजोगी आहे. श्रोतामंडळ असलेली गावे, रेडिओ असून मंडळ नसलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे, अशी तिहेरी तुलना त्यांनी केली. मंडळांच्या गावांत ज्ञानात ठळक भर पडली होती. केवळ रेडिओ असलेल्या गावांची प्रगती त्या मानाने किरकोळ होती. यंत्र तेच आणि आवाजही तोच. फरक एवढाच, की एका ठिकाणी लोक एकत्र बसून ऐकलेल्यावर वाद घालत होते.

१९५९ नंतर ही मंडळे देशभर पसरवण्यात आली. संख्या वाढली, पण पुण्यात त्या दहा आठवड्यांत प्रत्येक मंडळाकडे जितके लक्ष दिले गेले, तितके पुढे देता आले नाही. सरकारी योजनांच्या बाबतीत हे नवे नाही.

त्यानंतरचा टप्पा आकाशातला. भारताचा अणुऊर्जा विभाग आणि अमेरिकेची नासा यांच्यात सप्टेंबर १९६९ मध्ये करार झाला. त्यामागची दृष्टी विक्रम साराभाईंची होती. खेडोपाडी मनोरे उभारत वर्षे घालवण्यापेक्षा थेट उपग्रहावरून गावाच्या चौकात दूरचित्रवाणी न्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. डिसेंबर १९७१ मध्ये ते गेले. प्रयोग मात्र थांबला नाही. मे १९७४ मध्ये सोडलेला ‘एटीएस-६’ हा उपग्रह भारतावर लक्ष ठेवता येईल अशा जागी सरकवण्यात आला आणि १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे वर्षभर ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा प्रयोग चालला. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक तेव्हा यश पाल होते. प्रयोगाच्या व्यवस्थापनाची धुरा कोल्हापुरात १९२५ साली जन्मलेल्या एकनाथ वसंत चिटणीसांकडे होती. मराठी वाचकांना हे नाव जितके परिचित असायला हवे तितके ते नाही.

सहा राज्यांतील सुमारे २४०० गावे निवडली गेली. प्रत्येक गावात एक दूरचित्रवाणी संच आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची, सुमारे तीन मीटर व्यासाची ॲन्टेना. सकाळी दीड तास शाळेतील मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी. सकाळचा वेळ हिंदी, कन्नड, उडिया आणि तेलुगू अशा चार भाषांत वाटलेला. प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम बावीस मिनिटे.

या चार भाषांत मराठी नव्हती, आणि सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. कर्नाटकातून निवडलेले जिल्हे होते विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर. होटगीहून दक्षिणेला निघालेला फाटा भीमा ओलांडून विजापूर जिल्ह्यात शिरतो. मुख्य मार्ग अक्कलकोट रोड, दुधनी करत गुलबर्गा जिल्ह्यात शिरतो आणि पुढे रायचूर गाठतो. म्हणजे होटगीच्या फलाटावरून कोणत्याही दिशेने गाडी पकडली, तरी राज्याची सीमा ओलांडताच माणूस प्रयोगाच्या जिल्ह्यात पोहोचत होता. होटगी मात्र अलीकडे राहिली.

तांत्रिकदृष्ट्या यात मोठी गंमत आहे. उपग्रहाचा झोत राज्याची सीमा ओळखत नाही. श्रीलंकेत राहणाऱ्या आर्थर सी. क्लार्क यांच्या घरीही संच बसवून हे कार्यक्रम पाहिले जात होते. तेव्हा विजापूरच्या शाळेसाठी निघालेला कन्नड धडा दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटच्या गावांवरूनही जात होता. तो समजू शकतील अशी मुले तिथल्या घरांत होती. नव्हती ती फक्त जाळीची ॲन्टेना. आणखी एक विसंगती अशी, की मुलांसाठीचे विज्ञानाचे बरेच कार्यक्रम मुंबईतील स्टुडिओत तयार झाले. ते महाराष्ट्रात बनले आणि महाराष्ट्राबाहेरच्या खेड्यांत दिसले.

अर्थात कुठेतरी रेघ ओढणे भाग होते. उपग्रह एका वर्षापुरता उसना मिळालेला, संच मोजके आणि निवड मागास जिल्ह्यांची. ती रेघ राज्याच्या सीमेवरून ओढणे प्रशासनाला सोयीचे होते. भाषेच्या नकाशावर ओढली असती, तर ती बरीच वेगळी पडली असती.

साइटचे फळ काय? मुलांच्या भाषेत आणि जिज्ञासेत वाढ दिसली. परीक्षेतल्या गुणांत विशेष फरक पडला नाही. नवलाई ओसरली तशी संध्याकाळची गर्दीही ओसरली. सर्वांत भरीव काम झाले ते शिक्षकांच्या प्रशिक्षणात. बारा दिवसांचा विज्ञान अध्यापनाचा अभ्यासक्रम दोन फेऱ्यांत सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांपर्यंत पोहोचला. तो निव्वळ पडद्यावरचा नव्हता. दूरचित्रवाणीच्या जोडीला रेडिओ, छापील पुस्तिका, हाताने करायचे प्रयोग आणि शंका सोडवायला प्रत्यक्ष हजर असलेला मार्गदर्शक होता. पुण्याच्या श्रोतामंडळांनी दाखवलेली गोष्ट इथे वेगळ्या रूपात पुन्हा दिसली. उपग्रह परत गेला आणि १९७७ मध्ये गुलबर्ग्याला जमिनीवरचे प्रक्षेपण केंद्र उभे राहिले.

महाराष्ट्राची पाळी १९८४ मध्ये आली. इन्सॅट उपग्रह कामाला लागल्यावर २७ जानेवारी १९८४ रोजी पुण्यात ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली. एका पिढीला तिची सकाळची धून अजून आठवते. कार्यक्रम मराठीत होते, काही तर फार सुंदर होते. पण त्यांचा प्रवास एकेरी होता. शाळेत संच चालू आहे का, त्या वेळेला तास आहे का, वीज आहे का, या प्रश्नांना पुण्यातल्या स्टुडिओकडे उत्तर नव्हते. २०१७ मध्ये ही संस्था बंद झाली.

मोठ्यांच्या शिक्षणात गोष्ट जरा निराळी घडली. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू राम ताकवले यांनी त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले होते. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेतलेल्या या विद्यापीठाने गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे उघडली, स्वतः वाचून समजेल अशी पुस्तके लिहून घेतली आणि विद्यार्थ्याला अधूनमधून भेटायला एक माणूस ठेवला. सप्टेंबर २००४ मध्ये शिक्षणासाठीच बनवलेला ‘एज्युसॅट’ अवकाशात गेला, तेव्हा प्रारंभीच्या चाचणीसाठी निवडलेल्या विद्यापीठांत हेही होते.

यानंतर कथा पुन्हा सोलापूर जिल्ह्यात येते, होटगीपासून दूर उत्तरेला माढा तालुक्यात. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले २००९ मध्ये रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत गुरांच्या गोठ्याला लागून होती आणि पडीक होती. त्यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड चिकटवायला सुरुवात केली. कोडवर भ्रमणध्वनी धरला की त्या धड्याची कविता ऐकू येई, चित्रफीत दिसे, गृहपाठ उघडे. या युक्तीचे खरे चातुर्य पुस्तकात आहे. पडदा पुस्तकाची जागा घ्यायला आला नव्हता. मुलाच्या दप्तरात आधीपासून असलेल्या वस्तूलाच त्याने एक दार बसवले. बालचित्रवाणीचा कार्यक्रम ठरल्या वेळी येऊन निघून जाई. हा धडा मूल पाहील तेव्हा उघडत होता आणि पुन्हा पुन्हा उघडत होता. २०१७ मध्ये राज्याने पाठ्यपुस्तकांत असे कोड छापण्याचे धोरण जाहीर केले. पुढच्या वर्षी एनसीईआरटीच्या पुस्तकांबाबतही तशीच घोषणा झाली.

दाराला किल्ली मात्र लागतेच. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि किल्ली कोणाच्या घरात आहे, हे महाराष्ट्राला नीट कळले.

राज्यात तेव्हा निरनिराळे उपाय झाले. नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ भरू लागली. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या प्रेरणेने बनलेल्या या मालिकेचे ४८० भाग पहिली ते आठवीच्या मुलांसाठी होते. फळा आणि भाषण यांना फाटा देऊन घरातल्या, परसातल्या वस्तूंनी मुलांना काहीतरी करायला लावणारी तिची रीत होती. गाडी बदलताना माल नव्याने भरावा लागतो, हे या मालिकेच्या कर्त्यांनी ओळखले होते. मालिका मराठीत होती. होटगीच्या पुढे, अक्कलकोट तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. १९७५ मध्ये आकाशातून येणारा धडा त्यांच्या भाषेत होता आणि संच सीमेपलीकडे होते; २०२० मध्ये संच घराघरांत होते आणि धडा दुसऱ्या भाषेत होता.

त्याच दिवसांत सोलापूर शहरातील नीलमनगरमध्ये जे घडले, ते या इतिहासात नोंदवायलाच हवे. ही यंत्रमाग कामगारांची वस्ती. पुष्कळ घरांत चांगला भ्रमणध्वनी नव्हता. असला तर तो कामावर जाणाऱ्या वडिलांच्या खिशात. तिथल्या आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी धडे घरांच्या बाहेरच्या भिंतींवर रंगवले. मुळाक्षरे, पाढे, व्याकरण, गणिताची सूत्रे, पहिलीपासून दहावीपर्यंतचे सारे काही, दोनशेहून अधिक घरांच्या भिंतींवर. मुले अंतर राखून, येता-जाता वाचत. ना वीज लागे, ना जोडणी, आणि एका भिंतीसमोर दोन मुले थांबली की धड्यावर बोलणे आपोआप सुरू होई. न्यूराथना ही भिंत आवडली असती.

३ डिसेंबर २०२० रोजी ग्लोबल टीचर प्राइझचा निकाल लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधून स्टीफन फ्राय यांनी जाहीर केला. साथीमुळे समारंभही पडद्यावरचाच होता. दहा लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर झाले तेव्हा डिसले आपल्या घरच्यांसह भारतातच होते. अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटून देण्याचे त्यांनी तिथेच सांगितले. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ५५ हजार डॉलर आले. त्या नवांत ब्रिटनचे जेमी फ्रॉस्ट होते, ज्यांचे गणिताचे संकेतस्थळ टाळेबंदीत देशोदेशीची मुले वापरत होती. ब्राझीलच्या दोआनी बर्तान होत्या, ज्या कर्णबधिर मुलांसाठी खाणाखुणांच्या भाषेत चित्रफिती बनवत. आणि व्हिएतनामच्या हा आन फुओंग होत्या, ज्यांचा डोंगरातला इंग्रजीचा वर्ग पडद्यावरून परदेशातल्या वर्गांशी बोलत असे.