पाण्याची साक्ष

दिवाळीच्या चार दिवस आधी घरोघरी चकल्यांचे घाणे निघू लागतात. तेल किती तापले, भाजणी किती भिजली, काट्यांना किती टोक आले, ह्या सगळ्यांकडे गृहिणीचे बारीक लक्ष असते. लक्ष नसते ते एका गोष्टीकडे, आणि ती म्हणजे कढईखालची निळी ज्योत. मुंबई, ठाणे, पुणे अशा शहरांतून आता पुष्कळ घरी हा वायू नळाने येतो. शेगडीपाशी येईपर्यंत तो इतका मवाळ झालेला असतो, की त्याचा दाब दर चौरस इंचाला पौंडाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही उरत नाही. पण हाच वायू शेकडो मैलांवरून ज्या थोरल्या पोलादी वाहिनीतून येतो, तिच्यात तो दर चौरस इंचाला कित्येक शे पौंडांच्या जोराने कोंडलेला असतो. घरातली ही गरीब गाय रानात वाघीण असते म्हणा ना! त्या वाघिणीला माणसाने पिंजऱ्यात कसे ठेवले, आणि पिंजरा जुना झाल्यावर काय काय घडले, त्याची ही हकीकत आहे.

वायुवाहिनीच्या धंद्यात एक मोह नेहमीचाच आहे. गावे वाढतात, गिऱ्हाईक वाढते, वायू अपुरा पडू लागतो. अशा वेळी मालकापुढे दोन वाटा असतात. एक तर शेजारी दुसरी वाहिनी टाकावी, नाही तर आहे त्याच वाहिनीत दाब वाढवून जास्त वायू लोटावा. पहिल्या वाटेला पैसा लागतो, जमीन लागते, वर्षे लागतात. दुसरीला वरवर पाहता फारसे काही लागत नाही. बैल तोच, गाडी तीच, पोती तेवढी चार जास्त. प्रश्न एवढाच, की आस किती भार सोसेल हे गाडीवानाला ठाऊक आहे काय?

ह्या प्रश्नाला पहिले चोख उत्तर मिळाले ते अमेरिकेत, आणि तेही एका महायुद्धाच्या पोटी. १९४२ साली जर्मन पाणबुड्यांनी अमेरिकेच्या किनाऱ्यालगत तेलवाहू जहाजांचा फडशा पाडण्यास आरंभ केला. टेक्ससचे तेल ईशान्येकडे न्यावे कसे? तेव्हा सरकारने जमिनीखालून दोन प्रचंड वाहिन्या टाकल्या. एक चोवीस इंच व्यासाची, तिचे नाव ‘बिग इंच’. दुसरी वीस इंचांची, ती ‘लिट्ल बिग इंच’. हजार हजार मैलांहून लांब असे हे काम १९४४ पर्यंत पुरे झाले. युद्धाची घाई ती. नळ भराभर तयार होत होते, भराभर पुरले जात होते. त्यात काही नळांच्या अंगी जन्मतःच खोड राहून गेली.

युद्ध संपले आणि १९४७ साली ह्या दोन्ही वाहिन्या टेक्सस ईस्टर्न नावाच्या कंपनीने विकत घेतल्या. आता त्यांतून तेलाऐवजी नैसर्गिक वायू न्यायचा होता. परंतु चालत्या कामात नळ मधूनमधून फुटू लागले. तपासून पाहता दोष बहुधा कारखान्यातलाच निघे. तेव्हा बॅटेल संस्थेतील धातुतज्ज्ञांनी कंपनीला एक सल्ला दिला. तो ऐकायला फार साधा होता: वायू बाहेर काढा, नळांत पाणी भरा, आणि पोलाद ताणले जाण्याच्या सीमेपर्यंत त्या पाण्याचा दाब चढवा. जे फुटायचे असेल ते आताच फुटू द्या.

पाणीच का? ह्यात मोठे मर्म आहे. वायू दाबला की तो स्प्रिंगसारखा आकसतो आणि सारी शक्ती पोटात साठवून ठेवतो. नळ उकलला की ती एकदम बाहेर पडते, आणि वर ठिणगी मिळाली तर बोलायलाच नको. पाणी जवळजवळ दबतच नाही. म्हणून नळ फुटला, चार बादल्या पाणी उडाले, की दाब तेथेच मरतो. धोका तोच, पण दात पाडलेला!

१९५० नंतरच्या त्या वर्षांत टेक्सस ईस्टर्नचे नळ अशा परीक्षेत शेकडो ठिकाणी फुटले. एखाद्याने कपाळाला हात लावला असता. पण फुटले ते पाण्याने, ठरल्या दिवशी, माणसे दूर उभी असताना. फुटलेला तुकडा कापून नवा बसवला, पुन्हा दाब चढवला. मग त्याच वाहिन्यांत वायू सोडला, तेव्हा कारखान्यातल्या दोषाने म्हणून एकही नळ पुढे चालत्या कामात फुटला नाही. वाहिनी जुनीच होती. परंतु आता तिच्या सोसण्याला साक्षीदार मिळाला होता.

येथे थोडे गणित सांगितल्यावाचून गत्यंतर नाही; शाळामास्तराची खोडच ती. तीस इंच व्यासाचा नळ घ्या आणि त्यात दर चौरस इंचाला ४०० पौंड दाब भरा. वायू नळाला लांबीच्या दिशेने उभा चिरू पाहतो. लांबीच्या एकेका इंचामागे त्याचा जोर होतो १२,००० पौंड. तो नळाच्या दोन बाजूंत वाटला, की एका बाजूला ६,००० पौंड, म्हणजे पावणेतीन टनांच्या आसपास. आता पोलादाचा पत्रा वळवून नळ केला असेल, तर त्याच्या अंगावर एक लांबच लांब उभा जोड असतो. हा सारा ताण त्या जोडाच्या इंचाइंचाला अहोरात्र सोसावा लागतो. जोड आरपार झाळलेला असेल तर तो पन्नास वर्षांनीही हसत उभा राहील. वय हा काही पोलादाचा रोग नव्हे. गंज, वाढणारी चीर आणि जन्माची खोड हे त्याचे खरे वैरी. जोड अर्धाच झाळला असेल, तर मात्र तो कोणत्या दिवशी हात टेकील, हे बाहेरून कोणालाच सांगता यायचे नाही.

टेक्सस ईस्टर्नचा धडा सर्वांनी घेतला असता तर ही हकीकत येथेच संपती. परंतु पाण्याची परीक्षा म्हणजे वाहिनी काही दिवस बंद, खर्च, आणि फुटलेल्या नळांची बदनामी. १९६५ च्या मार्च महिन्यात लुइझियानातील नॅकिटश गावाजवळ वायुवाहिनी फुटून सतरा माणसे गेली, तेव्हा अमेरिकेची संसद जागी झाली. १९६८ साली सुरक्षेचा कायदा झाला, १९७० साली त्याचे नियम आले आणि नव्या नळांना परीक्षा सक्तीची झाली. पण आधी पुरलेल्या हजारो मैल नळांचे काय? त्यांच्यासाठी एक सवलत ठेवण्यात आली. १ जुलै १९७० च्या आधीच्या पाच वर्षांत ज्या नळाने जो सर्वांत मोठा दाब सोसला असेल, तो त्याला यापुढेही चालेल. परीक्षेची जरूर नाही. आजोबांच्या वेळेपासून चालत आले, ते चालू द्यावे, अशा अर्थाने तिकडे ह्याला ‘आजोबा-कलम’च म्हणतात.

आपल्याकडे जुन्या वाड्याच्या भिंतीविषयी लोक असेच बोलतात. ‘इतके पावसाळे काढले, हाही काढील.’ ह्या बोलण्यातला घोटाळा बारीक आहे. भिंत आजवर पडली नाही, एवढेच त्यातून कळते. ती पडण्यापासून किती दूर आहे, हे मुळीच कळत नाही. ४०० पौंड सोसलेला नळ ४०१ ला फुटेल की ८०० ला, हे त्या सोसण्यात लिहिलेले नसते. दीडपट दाबाची परीक्षा दिलेल्या नळाजवळ मात्र त्याची शिल्लक मोजून दिलेली असते.

कॅलिफोर्नियातील सॅन ब्रुनो हे सॅन फ्रान्सिस्कोजवळचे गाव. तेथे पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीची १३२ क्रमांकाची वाहिनी घरांच्या वस्तीतून जाई. तिचा एक तुकडा १९५६ साली पुरलेला होता. कंपनीच्या दप्तरात त्याची नोंद होती, ‘तीस इंची, बिनजोड नळ’. मौज अशी, की तीस इंची बिनजोड नळ त्या काळी अमेरिकेतला कोणताही मान्यताप्राप्त कारखाना बनवीतच नव्हता! जमिनीत प्रत्यक्ष होते ते लहान लहान तुकडे एकापुढे एक जोडून केलेले नळ, आणि त्यांपैकी काहींचा उभा जोड फक्त बाहेरून, अर्धामुर्धा झाळलेला. पाण्याची परीक्षा ह्या तुकड्याने कधी दिलेली नव्हती. त्याची ४०० पौंडांची सनद निघाली होती ती १९६८ साली सोसलेल्या दाबावर. पुढे वस्तीतल्या वाहिन्यांना नवे नियम लागू झाले. तेव्हा वरच्या दाबाचा हक्क बुडू नये म्हणून कंपनीने २००३ आणि २००८ साली मुद्दाम दाब ४०० च्या घरात नेला. नळ दोन्ही वेळा टिकला. कागद खूश झाला.

९ सप्टेंबर २०१० रोजी संध्याकाळी दूरच्या मिल्पिटास ठाण्यात विजेच्या जोडणीचे काम चालू असताना दाबाचे नियंत्रण बिघडले आणि वाहिनीतला दाब चढू लागला. तो ३८६ पौंडांवर गेला, म्हणजे सनदेच्या आतच होता, आणि सहा वाजून अकरा मिनिटांनी तो जोड उकलला. जवळजवळ दीड टनाचा नळाचा तुकडा शंभर फूट दूर जाऊन पडला. वायूचा ओघ बंद व्हायला ९५ मिनिटे लागली. अडतीस घरे जळून गेली. आठ माणसे प्राणाला मुकली. त्या घरांतही चुली पेटायची वेळ होती, मुले होती, म्हातारी माणसे होती. आणि अंगणाखाली काय पुरले आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

२०११ साली अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने आपला निर्णय दिला. पाण्याची परीक्षा घेतली असती, तर तो दोष बहुधा तेव्हाच उघडा पडला असता. २०१५ साली राज्याच्या आयोगाने कंपनीला १६० कोटी डॉलरचा दंड केला, आणि २०१६ साली न्यायालयात ती गुन्हेगार ठरली. दंडाने घरे पुन्हा उभी राहतात. माणसे राहत नाहीत.

ह्या सर्व प्रकरणातली सर्वांत बोलकी घटना मात्र लहानशी आहे. अपघातानंतर वाहिन्यांची परीक्षा सुरू झाली. २०११ च्या नोव्हेंबरात ह्याच १३२ क्रमांकाच्या वाहिनीत वुडसाइड गावाजवळ पाणी भरून दाब चढवला, आणि नळ फुटला. चिखलाचा लोंढा हमरस्त्यावर आला, वाहतूक खोळंबली. बस्स, एवढेच! एका ठिकाणी आग, दुसऱ्या ठिकाणी चिखल. वाहिनी एकच; फरक फक्त कोणी कोणाची परीक्षा केव्हा घेतली, ह्याचा.

म्हणून जाणते अभियंते जुन्या नळाचा दाब वाढवताना आधी त्याचा इतिहास धुंडाळतात. तो कोणी घडवला, कधी पुरला, कोठे दुरुस्त केला, परीक्षा केव्हा दिली, हे पाहतात. जेथे जाऊ शकेल तेथे आतून एक यंत्र पाठवून गंज आणि चिरा शोधतात. त्या यंत्राला तिकडे ‘पिग’, म्हणजे चक्क डुक्कर म्हणतात. ते बिचारे नळभर हुंगत हुंगत जाते! नोंद नसेल तर परीक्षा घेतात, कमकुवत तुकडे बदलतात. मग दाब एकदम नव्हे, पायरीपायरीने चढवतात. प्रत्येक पायरीवर थांबून गळती पाहतात. आणि नळ पात्र नसेल तर दाब उतरवतात. उतरवणे हीदेखील एक विद्याच आहे. २०१९ साली अमेरिकेने नियम बदलून वस्तीतल्या ज्या जुन्या वाहिन्यांची परीक्षेची नोंद नाही, त्यांचा दाब नव्याने सिद्ध करण्यास २०३५ पर्यंतची मुदत घातली. शहाणपण आले, पण जवळजवळ पन्नास वर्षांनी आणि आठ जीव घेऊन आले.

आपल्याकडे मुंबई हायचा शोध लागला १९७४ साली. तेथला वायू समुद्राखालून उरणला येतो, आणि पुढे नवनव्या वाहिन्या देशभर पसरत आहेत. त्या आज तरुण आहेत किंवा प्रौढ आहेत. उद्या म्हाताऱ्या होतील. ज्या माळरानातून त्या आज जातात, तेथे उद्या वसाहती उठतील, शाळा निघतील. त्या दिवशी कोणी तरी विचारील, ‘दाब थोडा वाढवू या का?’ त्याला ‘नाही’च म्हटले पाहिजे असे नव्हे. दाब वाढवता येतो. निर्धास्तपणे वाढवता येतो. फक्त त्या वेळी दप्तरातला कागद पुढे न करता, नळात पाणी भरून विचारावे. कागद विचारणाऱ्याचे मन राखतो. पाणी कोणाचेच मन राखत नाही.