१४. मचाण झाकणे
झाडाच्या फांद्यांवर बल्ल्या आडव्या टाकून, दोरांनी आवळून केलेली शिकाऱ्याची बैठक म्हणजे मचाण. शेतराखणीचा माळा वेगळा. मूळ मजकुराचा लेखक दोन्हींची गल्लत करतो. बाजारहत्नूर भागातला साग उन्हाळ्यात निष्पर्ण होतो, म्हणून बैठकीला हिरव्या डहाळ्यांचा आडोसा लागे. मचाणाच्या झाडाला पाने असली, तर डहाळ्या शक्यतो त्याच जातीच्या झाडाच्या घ्यायच्या, नाहीतर आडोसा ठिगळासारखा उठून दिसतो. चढून झाल्यावर शिडी तिथून हलवत. चितळ-सांबर रंगापेक्षा हालचाल चटकन टिपतात, आणि वासापुढे कुठलाच आडोसा चालत नाही. मूळ मजकुरात पुढे वाऱ्याची चौकशी येते ती त्यामुळे. प्रसंग निजामी अमलातला, म्हणजे १९४८ पूर्वीचा. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार (१९७२) अशी शिकार आज गुन्हा आहे.