रिकामं पोट आणि खुराक



सकाळी फिरायला, योगवर्गाला आणि आता जिमलाही जाणाऱ्या आपल्या बायकांकडून एक प्रश्न मला वारंवार ऐकू येतो. "व्यायामाआधी खायचं काय गं?" जिममधला मुलगा सांगतो, अर्धा तास आधी पोटात काहीतरी जाऊ द्या. तो अंडं सुचवतो, आपण मान हलवतो. मग तो कोमट पाण्यात मध सुचवतो, आपण पुन्हा मान हलवतो. शेवटी केळं सुचवतो, तर घड्याळात साडेपाच वाजलेले असतात आणि सूर्य उगवायला अजून तासभर असतो. घरी सासूबाईंचं म्हणणं, दोन घडी दिवस वर येऊ दे, मग काय ते खा.

हा प्रश्न आजच्या जिमबरोबर आला असं आपल्याला वाटतं. पण अंगमेहनतीआधी पोट भरलेलं असावं की रिकामं, यावर आपल्या देशात फार पूर्वीपासून विचार झाला आहे. त्याचा इतिहास पाहताना मला एक वेगळीच गोष्ट दिसली, ती आज तुमच्यापुढे ठेवते.

आधी आयुर्वेद पाहू. व्यायाम कोणी करू नये याच्या याद्या चरक आणि सुश्रुत या दोघांनीही दिल्या आहेत. चरकसंहितेच्या यादीत भुकेलेला आणि तहानलेला माणूस आहे. सुश्रुतसंहितेच्या यादीत नुकताच जेवून उठलेला माणूस आहे. दोन्ही एकत्र वाचलं की उत्तर सरळ आहे. भूक लागलेली असताना नको आणि पोट भरल्याबरोबर नको. रात्रीचं जेवण पचलं आहे, पण भुकेने जीव कासावीस झालेला नाही, अशी मधली वेळ त्यांना हवी आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात आणखी एक अट घातली. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, आणि तोही बळकट व स्निग्ध आहार घेणाऱ्याने, थंडीत आणि वसंतात. म्हणजे व्यायामाचं बळ त्या क्षणी खाल्लेल्या घासातून येतं असं त्यांनी मानलंच नाही. रोजच्या जेवणात तूप-दूध आहे का, हे त्यांनी आधी विचारलं.

आता आपल्या परंपरेकडे वळू. जैन म्हटलं की उपास आणि सुकलेलं शरीर, असं बाहेरच्यांना वाटतं. कधीकधी आपल्यालाही वाटतं. पण नवव्या शतकात मान्यखेटला, म्हणजे आजच्या मळखेडला, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाची राजधानी होती. त्याचे गुरू आचार्य जिनसेन. त्यांच्या आदिपुराणात भरत आणि बाहुबली यांची तीन युद्धं आहेत: दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध. सैन्य मारलं जाऊ नये म्हणून दोघा भावांनी आपापल्या अंगबळावर निर्णय करायचा ठरवला. बाहुबलींनी भरताला उचललं, पण आपटलं नाही. श्रवणबेळगोळची ५७ फुटांची मूर्ती आठवा. ते रुंद खांदे वर्षभराच्या कायोत्सर्गाआधी आखाड्यातही उतरले होते. आपल्या पुराणाने बळाला कमी लेखलं नाही. बळ असून हिंसा टाळणं मोठं मानलं.

त्याच अमोघवर्षाच्या काळात उग्रादित्याचार्यांनी 'कल्याणकारक' हा वैद्यकाचा ग्रंथ लिहिला. मद्य, मांस आणि मध यांच्याशिवाय चिकित्सा होऊ शकते, ही त्यांची भूमिका. ग्रंथाच्या शेवटी मांसाहाराविरुद्ध एक वेगळं प्रकरण आहे, ते राजसभेतल्या चर्चेशी जोडलेलं आहे. हा ग्रंथ १९४० साली आपल्या सोलापुरातून, सखाराम नेमचंद ग्रंथमालेतून छापला गेला. तेव्हा मध न घेता, अंडं न खाता अंगात ताकद कशी येणार, असं कोणी विचारलं तर गोंधळून जाऊ नका. हजार वर्षांपूर्वी आपल्या एका आचार्यांनी हा वाद राजाच्या दरबारापर्यंत नेला होता.

पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने मानसोल्लास लिहिला. त्यात मल्लविनोद म्हणून एक भाग आहे. मल्लांचे प्रकार, त्यांची मेहनत आणि त्यांचा आहार, सगळं त्यात येतं. आहारात कडधान्य, दूध, साखर, मिठाई आहे, मांसही आहे. मांस आपण बाजूला ठेवू. मला महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट. हे सगळं मल्लाला पुरवणं हे राजाचं काम होतं. मेहनत करणाऱ्याने काय खावं एवढंच तिथे ठरत नव्हतं, ते त्याच्यापर्यंत कोणी पोचवायचं हेही ठरत होतं.

हीच रीत कोल्हापूरच्या तालमींत आली. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १८९४ ते १९२२, कोल्हापूर ही कुस्तीची पंढरी झाली. खासबाग मैदान १९१२ सालचं. शाहू महाराजांच्याच काळात, १९०१ मध्ये, कोल्हापुरात दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झालं. कुंभोजला जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थी म्हणून तिथे राहिले, आणि त्यांची कुस्तीची आवड सर्वांना ठाऊक आहे. आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या शेतकरी जैन घरांतली मुलं लाल मातीत उतरत आली आहेत, ती अशी.

तालमीचा दिवस कसा असतो? पहाटे उठायचं, तोंड धुऊन पाणी प्यायचं, आणि जोर-बैठका सुरू. मग माती खणायची, लढती करायच्या. भरल्या पोटी जोर मारायला वस्ताद उभंच करत नाही. मेहनत संपली, अंगाचा घाम जिरला, की मग खुराक. बदाम, खसखस, बडीशेप, वेलदोडे, मिरी कुंडीत घोटून दुधात घातलेली थंडाई, दूध-तूप, भिजवलेले हरभरे. म्हणजे 'व्यायामाआधी काय खायचं' याला तालमीचं उत्तर असं: आधी काही नाही, पण नंतर लगेच आणि भरपूर. आणि संध्याकाळचं जेवण चुकवायचं नाही, कारण पहाटेचे जोर त्याच्यावरच निघतात.

आता हे आपल्या नियमाशेजारी ठेवून पाहा. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात दिवसाच्या सुरुवातीच्या दोन घडी आणि शेवटच्या दोन घडी भोजन सोडायला सांगितलं. पंडित आशाधरांच्या सागारधर्मामृतातही पहिला आणि शेवटचा मुहूर्त टाळायचा विचार आहे. एक घडी २४ मिनिटांची, दोन घडी म्हणजे ४८ मिनिटं. आपल्यात कोणी याला नवकारसी म्हणतं, कोणी नुसतंच दोन घडीचा नियम म्हणतं. कोल्हापूरकडे मे महिन्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सातनंतर. म्हणजे तोंडात पहिला घास उन्हाळ्यात पावणेसातला, थंडीत आठच्या आसपास. तालमीचं आणि आपल्या नियमाचं घड्याळ जवळजवळ एकच आहे. पहाटे रिकामं पोट, मेहनत, सूर्य वर, मग खाणं. फरक फक्त त्या शेवटच्या शब्दात पडतो. पैलवानाचा खुराक तयार असतो. आपला?

इथे मला आपल्या आज्या-पणज्यांबद्दल बोलायचं आहे. त्यांनी कधी व्यायाम केला नाही असं आपण म्हणतो. पण श्रावकाचारात घरातल्या पाच आरंभांची गणना येते, पंचसूना: दळणं, कांडणं, चूल पेटवणं, पाणी भरणं, केर काढणं. जीवहिंसा होऊ नये म्हणून ही कामं जपून करायची, हा त्यातला उपदेश, आणि तो योग्यच आहे. पण या पाच कामांकडे दुसऱ्या बाजूनेही पाहा. जात्याचा खुंटा ओढताना खांदे आणि पाठ, मुसळाने दंड, घागरीने कंबर आणि पाय. रोजची तालीम होती ती. त्यातही आपल्या घरी जातं जास्त फिरायचं, कारण पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि थंडीत ७. महिन्याचं पीठ एकदम दळून ठेवायची सोय नव्हती. सगळ्यात जड मेहनत चातुर्मासात, जेव्हा व्रतंही सगळ्यात जास्त असतात.

महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या गेल्या आहेत. एवढ्या बायका एवढी वर्षं दिवस उगवायच्या सुमाराला दळत होत्या, आणि पोटात काही नव्हतं. मग त्यांचा खुराक कधी? माझी आजी जातं मऊ कुंचल्याने झाडून दळायला बसायची. मग आंघोळ, देवळात अभिषेक, मग चूल, मग पुरुषांची न्याहारी, मुलांची न्याहारी, गड्यांच्या भाकरी. तिचं ताट सगळ्यांत शेवटी. अष्टमी-चतुर्दशीला एकाशन असे, तेव्हा तिने उशिरा जेवणं मी समजू शकते. तो तिचा नियम होता, तिने प्रत्याख्यान घेतलं होतं. पण बाकीच्या दिवसांचं काय? त्या दिवशी तिने काहीही सोडलेलं नव्हतं. तिला कोणी 'तू बस' म्हटलं नव्हतं, एवढंच. मल्लाचा खुराक राजाच्या हिशेबात होता, पैलवानाचा वस्तादाच्या. जात्यावर बसणारीचा कोणाच्याच हिशेबात नव्हता.

म्हणून मला वाटतं, आपल्या घरांत दोन वेगळी रिकामी पोटं एकाच नावाखाली मोडली गेली. एक त्यागाचं आणि दुसरं दुर्लक्षाचं. त्यागाने कर्माची निर्जरा होते असं आपण मानतो. दुर्लक्षाने फक्त रक्त कमी होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. तो काही सगळ्या बायकांच्या तपामुळे झालेला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रात्रभरच्या उपासाने यकृतातला साखरेचा साठा बराच उतरतो, पण स्नायूंतला बहुतेक शिल्लक असतो. त्यामुळे निरोगी बाईला अर्धा-पाऊण तास चालायला, सूर्यनमस्कार किंवा योगासनं करायला आधी खाण्याची गरज पडत नाही. नियम सांभाळून हे होतं. मात्र जड वजनं उचलायची असतील किंवा तासाच्या वर पळायचं असेल, तर तो व्यायाम नऊ-दहा वाजता किंवा दुपारी चारनंतर ठेवा. नियमाला हलवण्यापेक्षा व्यायामाची वेळ हलवणं सोपं आहे. आधी तास-दीड तास केळं, राजगिऱ्याचा लाडू, किंवा तूप लावलेली ज्वारीची भाकरी पुरते.

दुसरं, सूर्यास्ताआधीच्या जेवणाला चहा-पोह्यांवर भागवू नका. थंडीत तिथून सकाळच्या पहिल्या घासापर्यंत चौदा तास जातात. भाकरी, मुगाची किंवा तुरीची घट्ट आमटी, भाजी, वर तूप, असं नीट जेवण हवं. पहाटेची ताकद तिथून येते.

तिसरं, आणि हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. व्यायामानंतर नियम पुरा झाला की पहिला घास तुमचा. डबे भरण्याआधी. दूध आणि चार बदाम, मूठभर फुटाणे आणि गूळ, शेंगदाणे, मनुका, जे घरात असेल ते. आदल्या दिवशीच वाटीत काढून ठेवा. पैलवानाची थंडाई घोटलेली असते, तशी.

ज्यांना मधुमेह आहे, विशेषतः इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, ज्या गरोदर आहेत, ज्यांना चालताना घाम येऊन डोळ्यांपुढे अंधारी येते, त्यांनी रिकाम्या पोटी व्यायाम करू नये. डॉक्टरांना विचारावं, आणि नियमाबद्दल महाराजांना किंवा माताजींना मोकळेपणाने सांगावं.

सोळाकारण भावनांत आपण दरवर्षी 'शक्तितस्त्याग' आणि 'शक्तितस्तप' म्हणतो. शक्तीप्रमाणे त्याग, शक्तीप्रमाणे तप. वाग्भटाने व्यायामालाही शक्तीचंच माप लावलं होतं. माप दोन्हीकडे एकच आहे, आणि ते आपल्या शरीराचं आहे. व्रत घेतलंत तर मनापासून पाळा. पण ज्या दिवशी व्रत नाही, त्या दिवशी उपाशी राहू नका. आणि घरात सून असो की मुलगी, ती सकाळी घाम गाळून आली की तिच्यापुढे आधी वाटी ठेवा.

जय जिनेंद्र.