औंधची राज्यघटना व तिचा विखुरलेला मुलूख

राज्याचा मुलूख कोणत्या तत्त्वावर बांधावा, हा प्रश्न घटनापंडितांचा समजला जातो. परंतु त्याचें एक बोधप्रद उदाहरण कऱ्हाडकरांच्या परिचयाचें आहे. ज्या प्रतिनिधि घराण्याचें कऱ्हाड हें पूर्वीं ठाणें होतें, त्याच घराण्याच्या औंध संस्थानांत महात्मा गांधींच्या सल्ल्यानें तयार झालेली राज्यघटना जानेवारी १९३९ मध्यें अमलांत आली. राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं राज्यकारभार प्रजेच्या स्वाधीन केला.

संस्थान अवघें ७२ गांवांचें, तेंहि सलग नव्हे. औंध, आटपाडी, कुंडल व गुणदाळ हे चार तालुके परस्परांपासून तुटलेले. त्यांतील गुणदाळ तर विजापूरकडे, कानडी मुलखांत. हा मुलूख एकत्र बांधतांना घटनेनें भाषेचा आधार घेतला नाहीं. गांवची निवडलेली पंचायत, तीवर तालुका समिति व तीवर विधिमंडळ, अशी खालून वर रचना केली. मराठी आटपाडीस जें स्थान, तेंच कानडी गुणदाळास.

याच्या उलट १९३६ ची सोव्हिएट घटना पाहावी. तिनें निरनिराळ्या राष्ट्रकांच्या नांवें प्रजासत्ताकें मांडलीं व १७ व्या कलमानें त्यांस संघांतून फुटण्याचा हक्कहि दिला. प्रत्यक्ष सत्ता मात्र एका पक्षाच्या हातीं राहिली. १९९१ मध्यें संघ मोडला, तो त्याच प्रजासत्ताकांच्या सीमांवर. भारतीय घटनेच्या उद्देशिकेंत 'समाजवादी' हा शब्द १९७६ मध्यें आला. तथापि फुटण्याचा हक्क तिनें कोणत्याहि राज्यास दिला नाहीं. तिसऱ्या कलमान्वयें राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेकडे आहे.

औंधच्या मुलखाची पुढील गति याच भेदाचें प्रत्यंतर देते. ८ मार्च १९४८ रोजीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. १९४९ मध्यें सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले. औंध उत्तरेकडे राहिलें, आटपाडी व कुंडल दक्षिण साताऱ्यांत गेलीं. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं विजापूर जिल्हा म्हैसूर राज्यास जोडला गेला, व त्याबरोबर गुणदाळहि. दक्षिण साताऱ्यास १९६० मध्यें सांगली हें नांव मिळालें.

सारांश, एका घटनेखालीं नांदलेला मुलूख आज दोन राज्यांत व तीन जिल्ह्यांत वांटला आहे. भाषेस न्याय मिळाला, हें खरें. परंतु पंचायतींनीं जोडलेला धागा तुटला. म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, १९३९ ते १९४८ या काळांतील पंचायतीचा ठराव हातीं आल्यास त्यावर केवळ आजचा जिल्हा नोंदवून थांबूं नये. जुना तालुकाहि अवश्य लिहावा. तसें न केल्यास गुणदाळचा कागद विजापूरच्या दप्तरांत औंधापासून कायमचा तुटेल.