जुन्या मोटारीचा गंज : लांबीखाली दडलेले दुखणे

जुन्या फियाटच्या दाराखाली रंगाला लहानसा फुगा येतो. तो घासून लांबी भरली जाते, वर रंगाचा हात दिला जातो आणि पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच जागी आणखी मोठा फुगा उभा राहतो. गंज बहुधा पत्र्याच्या आतल्या बाजूने येतो, हे त्यामागील कारण. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाहून अधिक असल्याने तो वरचा रंग उचलतो. लांबी स्वतःच ओलावा शोषत असल्याने गंजावर भरलेली लांबी रोग झाकते, इतकेच.

वर्धा जिल्हा समुद्रापासून दूर असल्याने येथील मोटारींना मुंबईसारखा खारा वारा सोसावा लागत नाही. येथे शत्रू आहे तो काळ्या मातीचा चिखल. मडगार्डच्या आतील कंगोऱ्यांत बसलेला हा चिखल पाऊस थांबल्यावरही ओलावा धरून ठेवतो. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रेही त्याने बुजतात.

पद्मिनी व अॅम्बेसेडर या मोटारींना जीपसारखी स्वतंत्र चासी नाही. भार पत्र्याचा सांगाडाच पेलतो. त्यामुळे दाराखालची पेटी किंवा तळाचा पत्रा कुजणे हा केवळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. तपासणीचा उपाय सोपा आहे. फडक्यात गुंडाळलेले चुंबक फिरवावे. ते जेथे चिकटत नाही, तेथे खाली लांबीचा जाड थर असतो.

गंज वरवरचा असेल तर तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने चकाकता पत्रा दिसेपर्यंत घासावा. खाचांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लयुक्त द्रावण लावल्यास त्याचे स्थिर फॉस्फेटमध्ये रूपांतर होते. त्यानंतर इपॉक्सी प्रायमर, मग आवश्यक तेवढीच लांबी, हा क्रम उलटवू नये. पत्र्याला भोक पडले असेल, तर निरोगी धातू लागेपर्यंत तो कापून तितक्याच जाडीचा तुकडा जोडणे हाच इलाज. गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ पत्रा वाकतो. मिग वेल्डिंगने अंतराअंतरावर टाके घेणे चांगले. बॅटरीची जोडणी काढल्याशिवाय आणि जवळ काम असल्यास पेट्रोलची टाकी उतरवल्याशिवाय ठिणगी पाडू नये. जोडाच्या आतील पोकळीत मेण किंवा गंजरोधक तेल फवारले नाही, तर सारी मेहनत वाया जाते. नेमके हेच काम सर्वाधिक वेळा टाळले जाते.

रंगकामासाठी दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम. पावसाळी दमट हवेत लॅकर पांढुरके पडते, तर मे महिन्याच्या दुपारी रंग पत्र्यावर नीट पसरण्याआधीच वाळतो.

दुरुस्तीच्या पद्धतीला कायदेशीर बाजूही आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीस ५० वर्षे उलटलेल्या खासगी मोटारीस ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळू शकते. त्यासाठी २० हजार रुपये शुल्क असून नोंदणी दहा वर्षे वैध असते. मात्र चासी, सांगाडा वा इंजिनात मोठे फेरबदल झालेले नसावेत, अशी अट आहे. पत्रा बदलताना मूळ आकार, घड्या व जोडांच्या जागा जशाच्या तशा राखाव्यात आणि कापण्यापूर्वी प्रत्येक भागाची छायाचित्रे काढून ठेवावीत.